फेंडर: रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने घडवलेली गिटार

प्रश्न असा आहे: फोंड्याच्या एका कुटुंबात जहाजावर नोकरीला असलेल्या काकांनी परदेशातून आणलेली १९७४ ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर आहे आणि आता ती विकायची आहे. ज्यांना घ्यायची आहे त्यांना मित्र सांगतात, ‘सीबीएसच्या काळातली आहे, हात लावू नकोस.’ तर हा सीबीएसचा काळ म्हणजे काय, त्याआधीच्या फेंडरला एवढा मान का, आणि ही गिटार घ्यावी की नाही?

मी पुण्यात गेली सत्तावीस वर्षं गिटार दुरुस्त करतो. उत्तर लांबणार आहे, कारण ‘सीबीएस’ (१९६५ ते १९८५ फेंडरची मालक असलेली अमेरिकन कंपनी) हा शब्द आपल्याकडे शिव्यांसारखा वापरला जातो आणि त्यामागची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ती माहीत झाली की तुमच्या समोरच्या गिटारचं काय करायचं हे तुमचं तुम्हालाच कळेल.

आधी एक साधी गोष्ट. फेंडरची नेक, म्हणजे बोटं फिरतात तो लांब भाग, बॉडीपासून सुटी करायला मला पाच मिनिटं लागतात. तारा सैल करायच्या, गिटार पालथी घालायची, मागच्या चौकोनी पट्टीतले चार स्क्रू काढायचे, की नेक हातात येते. मिरजेच्या तानपुऱ्याची दांडी अशी निघत नाही. ती कायमची जोडलेली असते, आणि सांधा सुटला तर कारागिराकडेच न्यावं लागतं. जुन्या पद्धतीच्या गिटारचंही तसंच. नेक चिकटवलेली असते, ती उपटायची म्हणजे वाफ द्यायची, पातळ सुरी घालायची आणि देवाचं नाव घ्यायचं. फेंडरमध्ये हे काही नाही. पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारा चुंबकाचा भाग) गेला तर पिकगार्ड (बॉडीवरचं पातळ झाकण) उघडा, दोन टाके डाकून दुसरा लावा. नेक वाकली तर दुसरी नेक लावा. ही सोय सहज झालेली नाही. ज्या माणसाने ही गिटार आखली त्याचा मूळ धंदाच दुरुस्तीचा होता. फेंडरचा सगळा इतिहास मला या एका गोष्टीतून समजतो, त्यातली चढती वर्षंही आणि पडती वर्षंही.

क्लॅरन्स लिओनिडस फेंडर, सगळे त्यांना लिओ म्हणत. जन्म १० ऑगस्ट १९०९, कॅलिफोर्नियात, अ‍ॅनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या मध्ये आईवडिलांच्या संत्र्याच्या बागेत. लहानपणी गाठ होऊन डावा डोळा गेला आणि तिथे काचेचा डोळा बसवावा लागला. शिक्षण हिशेबनिसाचं. काही वर्षं हिशेबनिसाच्या नोकऱ्या केल्या, मंदीच्या दिवसांत त्या सुटल्या. नाद मात्र शाळेपासून रेडिओचा. १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन त्यांनी फुलर्टनमध्ये ‘फेंडर रेडिओ सर्व्हिस’ हे दुकान काढलं. रेडिओ, ग्रामोफोन, घरगुती विजेची उपकरणं, सभेसाठी भाड्याने द्यायचे लाउडस्पीकर, असा सगळा पसारा. लिओंना गिटार वाजवता येत नव्हती. शेवटपर्यंत आली नाही. सूर लावायलाही ते दुसऱ्याला बोलवत.

हे ऐकून लोकांना नवल वाटतं, मला वाटत नाही. त्या भागात तेव्हा वेस्टर्न स्विंग आणि कंट्री संगीताचे बँड गावोगाव नाचाच्या हॉलमध्ये वाजवत असत. त्यांचे ॲम्प, म्हणजे वाद्याचा आवाज मोठा करणारे ॲम्प्लिफायर, बंद पडले, पिकअप खरखरायला लागले, की ते लिओंच्या दुकानात येत. दुकानदाराला वाजवता येत नसेल तर तो एकच गोष्ट करू शकतो: वाजवणाऱ्याचं पूर्ण ऐकून घेणं. काय तुटतं, कुठे तुटतं, कार्यक्रमाच्या मध्यात काय दगा देतं, याची नोंद त्यांच्या डोक्यात वर्षानुवर्षं होत गेली.

विजेची गिटार त्यांनी शोधलेली नाही, हे इथेच स्पष्ट करतो. रिकनबॅकर कंपनीने जॉर्ज बोशाँ यांच्या आराखड्यावरची धातूची ‘फ्राइंग पॅन’ लॅप स्टील १९३२ मध्ये बाजारात आणली होती. गिब्सनची पोकळ बॉडीची ईएस-१५० १९३६ मध्ये आली. भरीव लाकडाच्या गिटारचे प्रयोग गिटारवादक लेस पॉल करत होते. पॉल बिग्सबी यांनी १९४८ मध्ये मर्ल ट्रॅव्हिस यांच्यासाठी एक भरीव गिटार हाताने बनवली होती, सहाही खुंट्या एका बाजूला असलेली. लिओंचं काम वेगळं आहे. त्यांनी ही वस्तू कारखान्यात, ठरावीक मापात, साध्या यंत्रांवर, हजारोंनी बनवता येईल आणि कुठल्याही गावात दुरुस्त होईल अशी केली.

सुरुवात मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या लॅप स्टीलपासून झाली. आपल्याकडे जिला हवायन गिटार म्हणतात तीच ही. डॉक कौफमन या वादक-संशोधक मित्राबरोबर १९४५ मध्ये ‘के अँड एफ’ नावाने लिओंनी लॅप स्टील आणि छोटे ॲम्प बनवायला घेतले. १९४६ मध्ये कौफमन बाजूला झाले. धंदा वाढवायचा म्हणजे कर्ज काढायचं, आणि त्याची त्यांना धास्ती होती. लिओंनी ‘फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी’ सुरू केली. १९४८ मध्ये जॉर्ज फुलर्टन आले, गावाचं आणि त्यांचं आडनाव एकच. विक्रीची बाजू डॉन रँडल सांभाळत. त्या माणसाचं नाव आपल्याकडे कोणी घेत नाही, पण टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर ही दोन्ही नावं रँडल यांनी दिलेली आहेत. वस्तू लिओंची, पण दुकानात पोचली ती रँडल यांच्यामुळे.

१९५० मध्ये एका पिकअपची एस्क्वायर आली. सपाट फळीसारखी बॉडी, तिला स्क्रूने जोडलेली एकसंध मेपलची नेक, फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, थेट नेकच्या लाकडात ठोकलेल्या. वेगळा फिंगरबोर्ड (बोटं टेकतात ती वरची पट्टी) नाही, कोरीवकाम नाही, बाइंडिंग (कडेची शोभेची पट्टी) नाही. स्पर्धकांनी फळी म्हणून टिंगल केली. लिओंचा आधी आग्रह होता की मेपल इतकं कडक लाकूड आहे की आत ट्रस रॉडची गरज नाही. ट्रस रॉड म्हणजे तारांच्या ओढीने नेकला बाक येऊ नये म्हणून आत घातलेली लोखंडी सळी. पहिल्या काही गिटारांच्या नेक वाकल्या, रँडल यांनी हट्ट धरला, आणि सळी आली. ती नेकच्या मागून खाच पाडून घातली आणि खाच अक्रोडाच्या लाकडाच्या काळसर पट्टीने बुजवली. आजही फेंडरच्या मेपल नेकच्या पाठीवर ती पट्टी दिसते. पुष्कळ जण तिला नक्षी समजतात, पण ती एका चुकीची दुरुस्ती आहे. लिओंबद्दल मला सगळ्यात आवडतं ते हेच. चूक पदरात घेतली आणि कामाला लागले.

त्याच वर्षाच्या अखेरीस दोन पिकअपची ब्रॉडकास्टर आली. लगेच १९५१ च्या फेब्रुवारीत ग्रेच कंपनीने कळवलं की ‘ब्रॉडकास्टर’ या उच्चाराचं नाव आमच्या ड्रमवर आधीपासून आहे. फेंडरने वाद घातला नाही. तयार असलेल्या स्टिकरवरचा ‘ब्रॉडकास्टर’ शब्द कात्रीने कापला आणि नुसतं ‘फेंडर’ ठेवून गिटार विकल्या. संग्राहक आज त्यांना ‘नोकास्टर’ म्हणतात आणि त्यासाठी फ्लॅटची किंमत मोजतात. त्यानंतर टेलिव्हिजनच्या लाटेवर नाव पडलं टेलिकास्टर. ती १९५१ पासून आजपर्यंत बनते आहे आणि मूळ आराखड्यात फार थोडा फरक पडला आहे.

१९५१ च्याच शेवटी प्रिसिजन बेस आला. माझ्या मते लिओंचं सगळ्यात मोठं काम गिटारचं नाही, हे आहे. तोवर बेस, म्हणजे बँडमधले खालचे सूर वाजवायचं वाद्य, हा माणसाहून उंच डबल बेस असे. गाडीच्या टपावर बांधून न्यायचा, आणि हॉलमध्ये ढोल-ताशांपुढे ऐकूच यायचा नाही. लिओंनी तो गिटारसारखा गळ्यात अडकवला, ३४ इंचांची तार ठेवली आणि फ्रेट लावल्या. फ्रेटमुळे सूर नेमका लागतो, म्हणून ‘प्रिसिजन’. ते ३४ इंच लिओंनी प्रयोग करून ठरवले, आणि आजही जगातले बहुतेक बेस त्याच मापाचे बनतात. त्या बेससाठी काढलेला बासमन ॲम्प पुढे गिटारवाल्यांनीच पळवला. लंडनच्या जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये पहिला ॲम्प बनवला तो याच बासमनच्या सर्किटवरून. म्हणजे रॉकचा जो भरदार आवाज आपण ब्रिटिश म्हणून ओळखतो, त्याचं मूळही फुलर्टनमध्ये आहे.

आता तुमच्या स्ट्रॅटोकास्टरकडे येतो. टेलिकास्टर वाजवणाऱ्यांच्या तक्रारी येत होत्या. रेक्स गॅलियन यांनी सांगितलं की फळीची कड बरगडीत रुततेय. बिल कार्सन यांनाही तेच हवं होतं: कडा तासा, आणि प्रत्येक तारेला स्वतंत्र सॅडल, म्हणजे तार टेकायची छोटी घोडी, द्या. टेलिकास्टरच्या ब्रिजवर (तारा बॉडीवर टेकतात तो भाग) तीन सॅडल असतात, दोन तारांना मिळून एक, त्यामुळे सूर अगदी काटेकोर जुळत नाही. १९५३ मध्ये फ्रेडी टवारेस कंपनीत आले. हवाईचे, उत्तम स्टील गिटारवादक. बॉडीची पहिली रेषा कागदावर त्यांनी काढली. पोटाला लागणारा भाग मागून खोलगट तासला, कोपर टेकतं तिथे पुढून उतार दिला. तीन पिकअप, सहा सॅडल.

खरा घोळ ब्रिजला लावलेल्या, हाताने हलवायच्या दांडीचा झाला. तारा सैल करून किंवा ताणून सूर हलवणारी पहिली यंत्रणा तयार झाली, तिच्यासाठी साचेही झाले, आणि वाजवून पाहिल्यावर आवाज पातळ, तारेचा नाद लगेच विरतोय. लिओंनी ते सगळं टाकून दिलं. नव्या आराखड्यात ब्रिजच्या खाली पोलादाचा जड ठोकळा आला, तारा त्यातून वर येतात, आणि मागच्या पोकळीतल्या पाच स्प्रिंगा तारांच्या ओढीला तोलून धरतात. ब्रिज पुढच्या सहा स्क्रूंवर तराजूच्या काट्यासारखा झुलतो. गिटार १९५४ मध्ये बाजारात आली, दांडीसह किंमत २४९ डॉलर ५० सेंट. जाता जाता: लिओंनी या दांडीला ‘ट्रेमोलो’ म्हटलं, जो खरं म्हणजे आवाज लहानमोठा होण्याचा परिणाम आहे, आणि ॲम्पमधल्या आवाज लहानमोठा करणाऱ्या सर्किटला ‘व्हायब्रेटो’. दोन्ही नावं उलटी पडली आणि सत्तर वर्षं तशीच चालली आहेत. दांडीने होतं ते आपल्या भाषेत आंदोलन.

स्विच तीन जागांचा होता. एका वेळी एकच पिकअप, असा लिओंचा हिशेब. वादकांना कळलं की स्विच दोन जागांच्या मध्ये अडकवला की दोन पिकअप एकदम चालू होतात आणि नाकातून आल्यासारखा गोड आवाज येतो. मग काडेपेटीची काडी, कागदाची घडी, वाटेल ते घालून लोक स्विच मध्ये अडकवायला लागले. कंपनीने पाच जागांचा स्विच दिला तो १९७७ मध्ये. तुमची गिटार १९७४ ची आहे, म्हणजे मूळ स्विच तीन जागांचाच हवा. पाच जागांचा दिसला तर नंतर बदलला आहे. त्यात वाईट काही नाही, पण किंमत ठरवताना बोलायला हवं.

सुरुवातीला बॉडीला ॲश लाकूड होतं. १९५६ पासून बहुतेक रंगीत गिटारांना अल्डर आलं, स्वस्त, हलकं आणि रंग चांगला धरणारं. १९५९ पासून स्ट्रॅटोकास्टरच्या मेपल नेकवर रोजवुडचा फिंगरबोर्ड बसवू लागले, कारण मेपलवरचं लॅकर बोटांनी झिजतं, काळे डाग पडतात आणि टेलिव्हिजनवर ते वाईट दिसतात. ते रोजवुड आधी ब्राझीलचं होतं, आणि साधारण १९६६ पासून भारतीय आलं. भारतीय रोजवुड म्हणजे आपलं शिसवी. आजीच्या देव्हाऱ्याचं, जुन्या वाड्यातल्या कपाटाचं लाकूड, तेच. सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या जंगलातलं शिसवी कॅलिफोर्नियात गेलं आणि गिटार होऊन परत आपल्याकडे आलं, हे माझ्या टेबलावर मी कित्येकदा पाहिलं आहे. रंधा फिरवला की येणारा तो गोडसर वास चुकत नाही. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार करारात या जातीच्या सगळ्या लाकडांवर निर्बंध आले तेव्हा फेंडरने मेक्सिकोतल्या बऱ्याच गिटारांना पाऊ फेरो नावाचं लाकूड लावलं. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली.

बायकांच्या हातांबद्दलही लिहायला हवं. पिकअपचं केसाहून बारीक तांबं सहा चुंबकांभोवती हजारो वेढे गुंडाळायचं, आणि ते हाताने तारेचा ताण सांभाळत. हे काम कारखान्यात बहुतांशी स्त्रिया करत. त्यातल्या अ‍ॅबिगेल इबारा १९५६ पासून फेंडरमध्ये होत्या आणि २०१३ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्या हातचे पिकअप लोक नावाने शोधत. जुन्या पिकअपचा आवाज एकमेकांपेक्षा थोडा वेगळा लागतो त्याचं कारण हे आहे: हात वेगळा, ताण वेगळा, वेढ्यांची संख्याही कमीजास्त.

आणि मग सीबीएस. साठच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी फुगली. सर्फ संगीत, मग इंग्लंडमधली लाट, मागणी पुरी होईना. लिओंना कित्येक वर्षं सायनसचा चिवट जंतुसंसर्ग होता, बरा होत नव्हता, आणि आपण फार जगणार नाही असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. रँडल यांनी गिऱ्हाईक शोधलं: कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिम, म्हणजेच सीबीएस, अमेरिकेतली बलाढ्य रेडिओ-टेलिव्हिजन कंपनी. ५ जानेवारी १९६५ रोजी १ कोटी ३० लाख डॉलरना विक्री झाली. पुढे दुसऱ्या डॉक्टरांच्या औषधाने लिओंचा आजार बरा झाला. हे वाचताना मला दर वेळी चुटपुट लागते.

‘प्री-सीबीएस’ म्हणतात ते या तारखेच्या आधीच्या गिटारांना. पण ६ जानेवारीच्या सकाळी कारखान्यात तीच माणसं, तीच यंत्रं, तेच लाकूड होतं. १९६५ ची गिटार १९६४ पेक्षा एका रात्रीत वाईट झाली नाही. बदल हळूहळू झाले. १९६५ च्या अखेरीस स्ट्रॅटोकास्टरचं डोकं, म्हणजे खुंट्या असलेलं नेकचं टोक, मोठं केलं. १९६८ च्या सुमारास नायट्रोसेल्युलोजच्या पातळ लॅकरऐवजी पॉलिएस्टरचा जाड थर आला, काचेसारखा कडक. हिशेबनिसांनी खर्च कापले आणि उत्पादन वाढवलं. कारखाना सांभाळणारे फॉरेस्ट व्हाइट १९६६ च्या शेवटी ट्रान्झिस्टरच्या नव्या ॲम्पना मान्यता द्यायला नकार देऊन बाहेर पडले, आणि ते ॲम्प बाजारात खरोखरच पडले.

१९७१ मध्ये आलेला बदल तुमच्या गिटारमध्ये आहे. नेकचे चार स्क्रू जाऊन तीन आले, मागची पट्टी तिकोनी झाली, आणि आत एक छोटा स्क्रू आला ज्याने नेक न काढता तिचा कोन बदलता येतो. बदनामी सगळ्यात जास्त याच तीन स्क्रूंची झाली. आणि ही कल्पना कोणाची? खुद्द लिओंची. विक्रीनंतर १९७० पर्यंत ते कंपनीचे सल्लागार होते, हा आराखडा त्यांचा आहे. आधी कोन बदलायचा तर नेक सोडवून सांध्यात कागदाची किंवा पुठ्ठ्याची पाचर घालावी लागे. लिओंना दुरुस्ती करणाऱ्याचा तो वेळ वाचवायचा होता.

मग बिघडलं कुठे? माझ्या टेबलावर आलेली एक गिटार सांगतो. १९७५ ची, ॲशची, नैसर्गिक रंगाची, वजन साडेचार किलोच्या वर. वाजवणारा म्हणाला, वरच्या फ्रेटवर गेलं की पहिली तार बोटाखालून निसटून फिंगरबोर्डच्या बाहेर जाते. मी नेकचं टोक धरून हलकं बाजूला दाबलं, तर नेक सरकली आणि ‘कट्’ असा आवाज आला. स्क्रू घट्ट होते. नेक काढली आणि बॉडीतली खाच मोजली. खाचेत आणि नेकमध्ये दोन्ही बाजूंना मिळून पोस्टकार्डाच्या दोन घड्या बसतील एवढी फट. तीन स्क्रूंचा सांधा वाईट नव्हता, खाच वाईट कापली होती. खाच नेमकी असेल तर तीन स्क्रू पुरतात. कारखान्यात घासलेली हत्यारं आणि कामाची घाई असली तर चारही पुरत नाहीत. मी खाचेच्या बाजूंना मेपलच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या, नेक घट्ट दाबून बसेल एवढ्या तासल्या, तिन्ही स्क्रू परत लावले. तो मुलगा आजही तीच गिटार वाजवतो.

म्हणून ‘सीबीएसची म्हणजे वाईट’ हे मला पटत नाही. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांनी १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात वाजवलेली पांढरी स्ट्रॅटोकास्टर १९६८ ची, मोठ्या डोक्याची, सीबीएसच्या काळातली होती. उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा उलट चढवून. त्या काळातल्या चांगल्या गिटार फार चांगल्या आहेत. फक्त आधी दहातली एखादी बिघडलेली निघायची, सत्तरच्या दशकात त्या बऱ्याच निघायला लागल्या, आणि दुकानात हातात घेऊन पाहिल्याशिवाय भरवसा उरला नाही.

त्या पोकळीत जपान शिरलं. जपानी कारखाने पन्नासच्या दशकातल्या फेंडरच्या इतक्या बारकाईने नकला करत होते की मूळ कंपनीच मागे पडली. १९८१ मध्ये सीबीएसने यामाहाच्या अमेरिकन शाखेतून बिल शुल्ट्झ आणि डॅन स्मिथ यांना आणलं. तीन स्क्रू गेले, चार परत आले, आणि १९८२ मध्ये फेंडरने जपानी कंपन्यांशी भागीदारी करून फेंडर जपान काढली. मात्सुमोतोच्या फुजिजेन कारखान्यात गिटार बनू लागल्या. स्क्वायर हे नावही तेव्हा गिटारवर आलं. मुळात ही मिशिगनमधली तारा बनवणारी जुनी कंपनी, फेंडरने १९६५ मध्ये घेतलेली. ‘जेव्ही’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाची त्या वर्षांतली स्क्वायर कुठे दिसली तर मला जरूर कळवा, त्या माझ्या फार आवडत्या आहेत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ‘स्क्वायर टू’ या स्वस्त मालिकेतल्या काही गिटार भारतातही बनल्या. प्लायवुडची बॉडी, हार्डवेअर साधं, पण डोक्याच्या मागे ‘मेड इन इंडिया’ आणि पुढे फेंडरच्या घरातलं नाव.

१९८५ मध्ये सीबीएसने हात झटकले. शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी कंपनी १ कोटी २५ लाख डॉलरना घेतली, म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या किमतीपेक्षाही कमी. फुलर्टनचा कारखाना त्या सौद्यात नव्हता. नाव, आराखडे आणि थोडा शिल्लक माल. काही महिने तर विकायला मुख्यतः जपानी गिटारच होत्या. मग कॅलिफोर्नियातच कोरोना इथे नवा कारखाना उभा राहिला, १९८७ मध्ये मेक्सिकोत एन्सेनाडाचा, आणि त्याच वर्षी हाताने गिटार घडवणारं कस्टम शॉप. आज दुकानात ‘अमेरिकन’ आणि ‘मेक्सिकन’ म्हणतात त्या अनुक्रमे कोरोना आणि एन्सेनाडाच्या. दोन्ही गावांत साधारण तीन तासांचं अंतर आहे. मेक्सिकनचं सेटअप (नेकचा बाक, तारांची उंची आणि सूर जुळवणं) नीट करून घेतलं की फरक पुष्कळ कमी होतो, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो.

लिओ स्वस्थ बसले नव्हते. दहा वर्षं स्पर्धेत न उतरण्याची अट संपल्यावर ते म्युझिक मॅनचे अध्यक्ष झाले. १९७६ चा स्टिंगरे बेस तिथला. पुढे जॉर्ज फुलर्टन यांच्याबरोबर जी अँड एल काढली, तीही फुलर्टन गावातच, आणि शेवटपर्यंत तिथल्या आपल्या खोलीत पिकअप आणि ब्रिज सुधारत राहिले. २१ मार्च १९९१ रोजी ते गेले. २००९ मध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने निकाल दिला की स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टर आणि प्रिसिजन बेसच्या बॉडीचे आकार आता सगळ्यांचेच झाले आहेत, त्यांवर फेंडरला एकट्याला हक्क सांगता येणार नाही. नाव आणि डोक्याचा आकार मात्र फेंडरचे. कोलकात्यापासून इंडोनेशियापर्यंत तशाच बॉडीच्या गिटार उघडपणे बनतात, डोकं तेवढं थोडं वेगळं कापलेलं असतं.

आता फोंड्याची गिटार. मालकांची परवानगी घ्या आणि तारा उतरवायच्या आधी नेक बाजूला हलकी दाबून पाहा. सरकली, आवाज आला, तर खाच सैल आहे. ते दुरुस्त होतं, पण किंमत त्याप्रमाणे बोला. दोन्ही बाजूच्या तारा फिंगरबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का, डोळा डोक्याकडून लावून बघा. डोक्याजवळ सळीची बंदुकीच्या गोळीसारखी नळी दिसेल, ती या काळातली बरोबर आहे. नेकला बाक असेल तर ती फिरते का पाहा, पण जोर लावू नका. गोव्याच्या हवेत आतला नट गंजून बसलेला असू शकतो आणि जोराने सळीचा आटा जातो. मग ती नेक वाचवणं फार खर्चाचं होतं.

पिकगार्ड उघडला की पॉटच्या, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवर छापलेले आकडे वाचा. १३७ ने सुरुवात असेल तर पॉट सीटीएस कंपनीचा, पुढचे दोन आकडे वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. १३७७४२५ म्हणजे १९७४ सालचा पंचविसावा आठवडा. गिटार त्यानंतर काही महिन्यांत जुळली असणार. पॉटवर १९७८ निघाला तर काहीतरी बदललेलं आहे. १९७४ चा क्रमांक मागच्या तिकोनी पट्टीवर हवा. डोक्यावर क्रमांक छापायला लागले ते १९७६ पासून. जुने टाके नीट पाहा, आणि कोणालाही ‘साफ’ म्हणून ते पुन्हा डाकू देऊ नका. खऱ्याखोट्याची पारख त्याच टाक्यांवरून होते. बॉडीला नवा रंग दिला असेल तर किंमत निम्म्यावर येते, वाजायला कितीही चांगली असली तरी.

सॅडलचे बारीक स्क्रू किनारपट्टीच्या गिटारांत जवळजवळ नेहमीच गंजलेले असतात. त्यांना घाबरू नका. प्रत्येकावर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब टाका, रात्रभर ठेवा, सकाळी नेमक्या मापाची ॲलन की लावून आधी किंचित घट्ट फिरवा आणि मग सैल. हे सगळं पाहून झालं, नेक खाचेत घट्ट बसलेली निघाली, आणि वजन तुमच्या खांद्याला झेपलं, तर ती १९७४ ची आहे म्हणून सोडू नका. नेकच्या टाचेचा (खाचेत बसणाऱ्या टोकाचा), पॉटच्या आकड्यांचा आणि खाचेचा फोटो काढून ठेवा आणि मगच पैशांचं बोलणं काढा.